विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (जन्म : मुंबई, १२ ऑक्टोबर १९११, मृत्यू : मुंबई, २७ ऑक्टोबर १९८७) हे भारताचे कसोटी क्रिकेटपटू, मुंबई संघाचे कर्णधार, कापड गिरणी उद्योजक आणि समाजसेवक होते. उजव्या हाताने खेळणारे सलामीचे फलंदाज म्हणून त्यांनी १९३३ ते १९५१ या काळात १० कसोटी सामन्यांत ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ होती. दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत जगभरात केवळ डॉन ब्रॅडमन यांची सरासरी यापेक्षा अधिक आहे.

मात्र आजच्या वाचकाला मर्चंट यांचे नाव बहुधा दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. अनुभवी पण उतरणीला लागलेल्या खेळाडूंना बाजूला करून विशी-बाविशीतील तरुणांना कसोटी संघात आणण्याचे धोरण त्यांनी उघडपणे स्वीकारले, आणि जानेवारी १९७१ मध्ये आपल्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांच्याकडे भारताचे कर्णधारपद सोपवले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. या यशाचे श्रेय त्यांच्या धोरणाला किती आणि परिस्थितीला किती, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

कुटुंब आणि नाव

विजय यांचा जन्म मुंबईतील ठाकरसी या सधन गुजराती भाटिया कुटुंबात झाला. कापड गिरण्यांचा व्यवसाय हा या घराण्याचा पिढीजात उद्योग होता आणि हिंदुस्थान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स ही त्यांची प्रमुख गिरणी होती. पुण्यातील आणि मुंबईतील वाचकांना हे आडनाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठामुळे परिचित आहे. त्या विद्यापीठाला ज्यांच्या मातुःश्रींचे नाव आहे, ते सर विठ्ठलदास ठाकरसी याच घराण्यातील होते.

मर्चंट हे आडनाव त्यांना शाळेत मिळाले, असे सांगितले जाते. प्रवेशाच्या वेळी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता घरचा व्यवसाय व्यापार असल्याचे त्यांनी सांगितले, आणि नोंद करणाऱ्याने व्यवसायालाच आडनाव समजून पटावर लिहून टाकले. शाळेच्या पटावरील नोंद एकदा झाली की ती बदलणे किती कठीण असते, हे ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे धाकटे बंधू उदय हेही याच आडनावाने मुंबईकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले.

विजय यांचे महाविद्यालयीन शिक्षण सिडनहॅम महाविद्यालयात झाले. त्या काळी मुंबईचे क्रिकेट मुख्यतः जिमखान्यांच्या मैदानांवर चाले. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपीय यांच्या संघांत होणारे चौरंगी सामने आणि १९३७ पासूनचे पंचरंगी सामने पाहण्यासाठी शहरात अलोट गर्दी लोटत असे. हिंदूंच्या संघात स्थान मिळवणे ही तरुण खेळाडूसाठी कसोटी संघात निवड होण्याइतकीच प्रतिष्ठेची गोष्ट होती.

१९३२ मध्ये भारताचा पहिला अधिकृत कसोटी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा महात्मा गांधी आणि अन्य राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. त्याचा निषेध म्हणून मर्चंट यांनी या दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. ज्येष्ठ फलंदाज एल. पी. जय यांनीही तसेच केले. विशीतील खेळाडूने देशाच्या पहिल्या कसोटीची संधी स्वेच्छेने सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग तसा कमी सांगितला जातो.

कसोटी कारकीर्द

डिसेंबर १९३३ मध्ये डग्लस जार्डिन यांचा इंग्लंड संघ भारतात आला. भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईच्या जिमखाना मैदानावर झाला आणि त्यात मर्चंट यांनी पदार्पण केले. हा सामना इतिहासात लाला अमरनाथ यांच्या शतकासाठी ओळखला जातो. मर्चंट यांची कामगिरी त्यात माफकच होती.

त्यांचे खरे नाव झाले ते १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात. हा दौरा भारतीय क्रिकेटमधील कटू प्रसंगांपैकी एक आहे. विझियानगरमचे महाराजकुमार कर्णधार होते ते खेळाच्या बळावर नव्हे, तर संपत्ती आणि वजन यांच्या बळावर. संघातील सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून दौरा अर्धवट सोडून मायदेशी परत पाठवण्यात आले. संघ गटातटांत विभागला होता. अशा वातावरणात मँचेस्टरच्या कसोटीत दुसऱ्या डावात मर्चंट (११४) आणि मुश्ताक अली (११२) यांनी २०३ धावांची सलामी दिली व सामना वाचवला. सलामीला जाण्यापूर्वी कर्णधाराने मर्चंट यांना धावबाद करण्याची सूचना मुश्ताक अलींना केली होती आणि त्यांनी ती खेळपट्टीवरच हसत हसत मर्चंट यांना सांगून टाकली, अशी कथा क्रिकेटच्या इतिहासात रूढ आहे. दोघांच्या खेळात जमीन-अस्मानाचे अंतर होते. मुश्ताक अली पुढे सरसावत, कधी कधी ऑफच्या बाहेरील चेंडू लेगला भिरकावत. मर्चंट मात्र चेंडूची वाट पाहत. या दौऱ्यातील कामगिरीबद्दल विस्डेन या वार्षिकाने १९३७ च्या अंकात वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये त्यांचा समावेश केला.

दुसऱ्या महायुद्धामुळे पुढील दहा वर्षे भारताने एकही कसोटी खेळली नाही. वयाच्या पंचविशीपासून पस्तिशीपर्यंतचा, फलंदाजाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी मानला जाणारा काळ मर्चंट यांनी केवळ देशांतर्गत सामन्यांत घालवला. १९४६ मध्ये थोरले नवाब पतौडी, इफ्तिखार अली खान, यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधारपदासाठी मर्चंट यांचेही नाव होते, पण त्यांना उपकर्णधारपदावर समाधान मानावे लागले. हा तपशील पुढे पंचवीस वर्षांनी पुन्हा उकरून काढला जाणार होता. त्या ओल्या उन्हाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर त्यांनी दौऱ्यात ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा काढल्या. ओव्हलच्या कसोटीत १२८ धावांवर असताना ते धावबाद झाले, तेही डेनिस कॉम्प्टन यांनी हाताने नव्हे तर पायाने मारलेल्या चेंडूवर. कॉम्प्टन हे आर्सेनल संघाचे फुटबॉलपटूही होते.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मर्चंट यांची कर्णधार म्हणून निवड झाली होती. परंतु प्रकृतीच्या कारणाने त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व अमरनाथ यांच्याकडे गेले. पुढील वर्षी वेस्ट इंडीजविरुद्धची मालिकाही ते खेळू शकले नाहीत. ब्रॅडमन आणि मर्चंट या दोन सर्वोच्च सरासरीच्या फलंदाजांना कसोटीत समोरासमोर पाहण्याची संधी क्रिकेटरसिकांना कधीच मिळाली नाही. मर्चंट यांच्या पहिल्या आणि अखेरच्या कसोटीच्या दरम्यान, ते दोन सामने धरून, भारताने २० कसोटी खेळल्या. त्यांतील निम्म्याच त्यांच्या वाट्याला आल्या आणि त्या सर्व इंग्लंडविरुद्ध होत्या.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्ली येथे त्यांचा अखेरचा कसोटी सामना झाला. सदाशिव शिंदे यांच्या सहा बळींमुळे इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला होता. मर्चंट यांनी १५४ धावा केल्या आणि कर्णधार विजय हजारे यांच्यासह तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागीदारी केली. वयाची चाळिशी ओलांडलेल्या मर्चंट यांची ती कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होती. कसोटी शतक काढणारे सर्वांत वयस्क भारतीय हा त्यांचा विक्रम आजही कायम आहे. त्यांनी भारतातर्फे सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा मान मिळवला खरा, पण त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा करून तो काढून घेतला. याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांनी निवृत्ती स्वीकारली.

लोकांनी का थांबत नाही असे विचारण्यापेक्षा का थांबलात असे विचारावे अशा वेळी खेळाडूने निवृत्त व्हावे, हे मत मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाते. त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले, यात दुखापतीचाही वाटा होता हे विसरता कामा नये. ते निवृत्त झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, भारताने मद्रास येथे आपला पहिला कसोटी विजय मिळवला. खेळाडू म्हणून कसोटी विजयाचा आनंद मर्चंट यांना कधीच मिळाला नाही.

देशांतर्गत क्रिकेट आणि मुंबईची परंपरा

रणजी करंडक स्पर्धेत मर्चंट यांनी ९८.७५ च्या सरासरीने ३,६३९ धावा केल्या. १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध ब्रेबॉर्न मैदानावर त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या आणि रुसी मोदी यांच्यासह सहाव्या गड्यासाठी ३७१ धावा जोडल्या. पुढील हंगामाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २७८ धावा केल्या. त्याच सामन्यात, युद्धानिमित्त भारतात असलेले डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढून एकाकी झुंजले. ओव्हलवर चेंडू पायाने मारणारे हेच ते कॉम्प्टन.

विजय हजारे यांच्याशी त्यांची स्पर्धा हा चाळीसच्या दशकातील मुंबईकरांच्या चर्चेचा आवडता विषय होता. सांगलीचे हजारे ख्रिस्ती असल्याने पंचरंगी स्पर्धेत शेष संघाकडून खेळत. १९४३-४४ च्या स्पर्धेत हजारे यांनी २४८ धावा काढून मर्चंट यांचा नाबाद २४३ धावांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो परत मिळवला. त्याच सामन्यात शेष संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांनी काढल्या.

मर्चंट यांची फलंदाजी आकर्षक असण्यापेक्षा निर्दोष होती. उंची मध्यम, पायांची हालचाल अचूक, चेंडू शेवटपर्यंत पाहण्याची सवय आणि त्यातून आलेला लेट कट हा त्यांचा लौकिक फटका. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जाणार असे वाटत असतानाच बॅटचा हलका स्पर्श होई आणि तो स्लिपच्या बाजूने सीमेकडे जाई. बाद होण्याची अनिच्छा, तंत्रावरील श्रद्धा आणि शतकानंतर पुन्हा शून्यापासून डाव सुरू करण्याची वृत्ती यांना पुढे मुंबईची फलंदाजी असे नाव पडले. त्या परंपरेचे मूळ बहुतेक अभ्यासक मर्चंट यांच्यापाशी नेतात.

निवड समितीचे अध्यक्षपद

मर्चंट यांनी निवड समितीची सूत्रे घेतली तेव्हा भारतीय संघाची स्थिती विचित्र होती. धाकटे पतौडी १९६२ पासून कर्णधार होते. अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावूनही त्यांनी फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांत नवी जान आणली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६७-६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली मालिका जिंकली. पण त्याच्या आधीच्या काही महिन्यांत इंग्लंडमध्ये तिन्ही आणि ऑस्ट्रेलियात चारही कसोटी भारताने गमावल्या होत्या. फिरकी गोलंदाज उत्तम होते. मधली फळी मात्र थकलेली होती.

१९६९-७० च्या हंगामात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे संघ लागोपाठ भारतात आले. या आठ कसोटींत मर्चंट यांच्या समितीने नव्या खेळाडूंची रांगच लावली. चेतन चौहान, अशोक मांकड, अजित पै, अंबर रॉय, एकनाथ सोलकर, गुंडाप्पा विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ यांनी याच हंगामात पदार्पण केले. यांतील मांकड आणि अमरनाथ हे मर्चंट यांच्याच पिढीतील दोन मोठ्या खेळाडूंचे पुत्र. अशोक मांकड यांची जन्मतारीखही मर्चंट यांचीच, १२ ऑक्टोबर.

नव्यांना जागा द्यायची म्हणजे जुन्यांची जागा घ्यायची. पुण्याचे चंदू बोर्डे यांनी ५५ कसोटींत ३,०६१ धावा केल्या होत्या आणि ५२ बळी घेतले होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळलेला सामना त्यांचा अखेरचा ठरला. भारत तो सामना हरला आणि पुढच्या कानपूर कसोटीसाठी विश्वनाथ संघात आले. बोर्डे यांचे वय त्या वेळी ३५ होते. ज्या अध्यक्षांच्या समितीने त्यांना वगळले, त्यांनी स्वतः चाळिशीत कसोटी शतक काढले होते, ही विसंगती त्या वेळच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

विश्वनाथ यांचे पदार्पण या धोरणाचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. पहिल्या डावात ते शून्यावर बाद झाले. दुसऱ्या डावात त्यांनी १३७ धावा केल्या. त्यांना शून्यानंतर धीर देणारे कर्णधार पतौडी होते, त्यामुळे या शोधाचे श्रेय एकट्या मर्चंट यांना देणे योग्य होणार नाही. विश्वनाथ पुढे ९१ कसोटी खेळले. दिल्लीची कसोटी बेदी आणि प्रसन्ना यांच्या फिरकीवर भारताने जिंकली, परंतु ऑस्ट्रेलियाने मालिका ३-१ अशी खिशात घातली.

धोरणाचा हिशेब मात्र एका विश्वनाथवरून मांडता येत नाही. अजित पै यांना एकच कसोटी मिळाली, अंबर रॉय यांना चार. मोहिंदर अमरनाथ यांना १९ व्या वर्षी संघात घेतले गेले आणि दुसऱ्या कसोटीसाठी त्यांना सुमारे सहा वर्षे थांबावे लागले. चौहान यांचे स्थान पक्के व्हायला बराच काळ जावा लागला. तरुणाला संधी देणे एक आणि त्याला पुरेशा संधी देणे दुसरे. पहिल्या बाबतीत मर्चंट यांची समिती उदार होती, दुसऱ्या बाबतीत तिच्यापाशी तेवढा धीर नव्हता असे म्हणावे लागते. याउलट सोलकर यांची निवड पूर्णपणे फळाला आली. हिंदू जिमखान्याच्या मैदानावर माळ्याचे काम करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा फलंदाजाच्या पुढ्यात, हातभर अंतरावर उभा राहून झेल घेई. २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. या झेलांवाचून बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या बळींची संख्या बरीच खाली आली असती.

जानेवारी १९७१ : निर्णायक मत

८ जानेवारी १९७१ रोजी वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडण्याकरिता समितीची बैठक झाली. पतौडी आणि वाडेकर यांना समान मते पडली आणि अध्यक्ष या नात्याने मर्चंट यांनी आपले मत वाडेकर यांच्या पारड्यात टाकले. ही बातमी देशाला धक्का देणारी होती. पतौडी यांनी दौऱ्यावर जाण्याचे टाळले आणि त्या वर्षीची लोकसभा निवडणूक लढवली.

१९४६ मध्ये थोरल्या पतौडींमुळे कर्णधारपद हुकले, त्याचा सूड मर्चंट यांनी मुलावर उगवला, ही चर्चा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मुंबईच्या माणसाने मुंबईच्या माणसाला निवडले, असाही आरोप झाला. मनातील हेतू कागदावर नोंदलेला नसतो, त्यामुळे या आरोपांचा निवाडा करता येत नाही. त्यांच्या बाजूने एवढे सांगता येते की ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पराभवानंतर बदलाची मागणी होती आणि वाडेकर हे मुंबईचे यशस्वी कर्णधार होते. विरुद्ध बाजूने असे दिसते की हा निर्णय तरुणांना संधी देण्याच्या धोरणाखाली मोडत नाही. पतौडी नुकतेच ३० वर्षांचे झाले होते आणि वाडेकर त्यांच्याहून तीनच महिन्यांनी लहान होते. या ठिकाणी वय हा मुद्दाच नव्हता. ही नेतृत्वाच्या दोन पद्धतींमधील निवड होती. पतौडी संस्थानिकांच्या परंपरेतील अखेरचे कर्णधार, तर वाडेकर हे बँकेत नोकरी करणारे मध्यमवर्गीय गृहस्थ. भारतात संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा वाद ऐन भरात असताना हा बदल झाला, याकडे अनेकांनी लक्ष वेधले आहे.

वेस्ट इंडीजला गेलेला संघ नव्या-जुन्यांचे मिश्रण होता, आणि येथेच मर्चंट यांच्या धोरणाविषयीचा रूढ समज अपुरा पडतो. २१ वर्षांचे सुनील गावसकर त्यात होते हे सर्वांना आठवते. पण त्याच संघात ३६ वर्षांचे सलीम दुराणी, बत्तिशीच्या उंबरठ्यावरील एम. एल. जयसिंहा आणि संघातून जवळजवळ बाद झालेले दिलीप सरदेसाई हेही होते. मडगावला जन्मलेल्या सरदेसाईंची कारकीर्द संपली असेच बहुतेकांना वाटत होते. वाडेकर यांच्या आग्रहामुळे त्यांना घेण्यात आले, असे मानले जाते.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले, तेव्हा सरदेसाई यांनी सोलकर यांना हाताशी धरून डाव सावरला व २१२ धावा केल्या. पहिला दिवस पावसात गेल्यामुळे फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी कमी झाली होती. भारताने ती घेतली आणि वाडेकर यांनी गॅरी सोबर्स यांच्या संघाला पुन्हा फलंदाजी करायला लावली. बोटाच्या दुखण्यामुळे हा सामना न खेळलेले गावसकर पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत उतरले. त्यांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, सरदेसाई यांनी शतक ठोकले आणि दुसऱ्या डावात दुराणी यांनी सोबर्स व क्लाइव्ह लॉइड यांना झटपट परत पाठवले. भारताने वेस्ट इंडीजवरील पहिला कसोटी विजय सात गडी राखून मिळवला. तरुण सलामीवीर, पुनरागमन करणारा मधल्या फळीचा फलंदाज आणि उतारवयातील फिरकीपटू, या तिघांपैकी एकालाही वगळून त्या विजयाचे वर्णन करता येत नाही. मालिकेअखेर गावसकर यांच्या नावावर चार कसोटींत ७७४ धावा जमा झाल्या, सरदेसाई यांच्या नावावर ६४२. भारतीय क्रिकेटला नवजीवन देणारा पुरुष या अर्थाचे विशेषण सरदेसाई यांना मर्चंट यांनीच दिले. ज्याची निवड शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळत होती त्याचा असा मोकळ्या मनाने गौरव करणे, हेही त्यांच्या स्वभावाचे एक अंग होते.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी समितीने बी. एस. चंद्रशेखर यांना परत बोलावले. पोलिओमुळे अधू झालेल्या हाताने वेगवान लेगब्रेक आणि गुगली टाकणारा हा गोलंदाज दुखापतींमुळे तीन वर्षे कसोटीबाहेर होता. ही निवड म्हणजे विचारपूर्वक पत्करलेला धोका आहे, असे मर्चंट यांनी आधीच स्पष्ट केले होते. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला आणि २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून सामना व मालिका जिंकली. पंचवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मर्चंट १२८ धावांवर धावबाद झाले होते.

पतौडी १९७२-७३ मध्ये वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली खेळले आणि १९७४-७५ मध्ये पुन्हा कर्णधारही झाले. स्वतः वाडेकर यांचे भाग्य १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात फिरले. लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत संपला, मालिकेतील तिन्ही सामने गमावले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी निवृत्ती घेतली. तोवर मर्चंट निवड समितीवर नव्हते.

समाजकार्य आणि उत्तरायुष्य

क्रिकेटबाहेरच्या आयुष्यात मर्चंट यांनी अपंगांच्या पुनर्वसनाला वाहून घेतले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या कार्यात ते अग्रभागी होते. अंध आणि अपंग व्यक्तींना केवळ मदत न देता काम द्यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि आपल्या गिरण्यांत त्यांनी तो अमलात आणला. मुंबईचे नगरपाल (शेरीफ) हे मानाचे पदही त्यांनी भूषवले. विविध भारतीवरील त्यांचा क्रिकेटविषयक कार्यक्रम रविवारी दुपारी घरोघरी ऐकला जाई. दूरचित्रवाणी नसलेल्या लहान गावांतील मुलांना क्रिकेटचे किस्से आणि बारकावे त्यांच्या शांत, मोजक्या बोलण्यातून कळत.

त्यांच्या स्मरणार्थ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या १६ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला विजय मर्चंट करंडक असे नाव देण्यात आले आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानातील एका प्रेक्षागारालाही त्यांचे नाव आहे.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी भारतात विश्वचषक स्पर्धा चालू होती. चार दिवसांनी नागपूर येथे सुनील गावसकर यांनी न्यूझीलंडविरुद्ध आपले एकदिवसीय सामन्यांतील एकमेव शतक काढले. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ते चार धावांवर त्रिफळाचीत झाले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाले.